दुष्काळ आणि शेतकऱ्याचं घर



‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण आपण येता-जाता वापरतो. घरात आधीच ओढाताण आणि त्यात पाहुणे आले, की सहज तोंडातून निघते. पण क्षणभर थांबून तिचा मूळ अर्थ पाहा. अधिक मास आला म्हणजे वर्ष बाराऐवजी तेरा महिन्यांचं होतं. पोटभर खाणाऱ्या घरात अधिकाचे अनारसे होतात, जावयाला वाण दिलं जातं. दुष्काळाच्या वर्षी मात्र तोच महिना म्हणजे पुढचं पीक हाती येईपर्यंत आणखी तीस दिवस काढायचे. ही म्हण कुणा पंडितानं घडवली असेल असं मला वाटत नाही. कणगीत हात घालून तळाचं धान्य चाचपणाऱ्या एखाद्या बाईनंच ती घडवली असावी.

दुष्काळाचा इतिहास आपल्याकडं पुष्कळ लिहिला गेला, पण तो बहुतेक कचेरीतून. किती एकरांचं पीक बुडालं, किती सारा वसूल झाला, किती मैल रस्ता झाला. आज आपण तोच इतिहास घराच्या उंबऱ्यावर बसून पाहू. पाऊस हुकला की ते संकट आकाशातून थेट माणसाच्या पोटात पडत नाही. आधी ते गोठ्यात शिरतं, मग कणगीत, मग घरच्या लक्ष्मीच्या अंगावरच्या दागिन्यात, आणि पाऊस परत आल्यावरही वर्षानुवर्षं शेतात मुक्काम ठोकून राहतं. हे नीट समजावं म्हणून मी एकच दुष्काळ मुख्यतः घेतो, १८७६ ते १८७८ सालचा.

आधी मुलूख डोळ्यांपुढं आणा. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला दोनशे इंचांहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला माणदेशात उतरलात की तोच पाऊस वीस इंचांच्या आसपास येतो. जिल्हा एकच, सातारा. पण एका टोकाला इरलं अंगावरून उतरत नाही आणि दुसऱ्या टोकाला विहिरीचा तळ दिसतो. माण, खटाव, इंदापूर, सोलापूर, नगरचा दक्षिण भाग हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. इथला शेतकरी मृगापेक्षा हस्ताकडं डोळे लावून असतो. काळ्या रानात ओल धरली तर रब्बीची ज्वारी येते, आणि ती ओल देणारा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो. त्यातून खाली सगळा काळा पाषाण. वाळूच्या प्रदेशात पाणी मुरून जसं साठतं, तसं या खडकात साठत नाही. भेगांत आणि मुरमाच्या थरात जेवढं मावेल तेवढंच विहिरीला.

त्यामुळं दुष्काळ या मुलखाला नवा नाही. १३९६ सालाच्या सुमारास सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षं चालला, असं परंपरा सांगते. १६३० सालच्या दुष्काळात तर तुकोबांच्या पहिल्या पत्नी अन्नावाचून गेल्या, ही गोष्ट वारकऱ्यांच्या घराघरांत ठाऊक आहे. जुन्या काळी या संकटावर घराचा स्वतःचा एक उपाय होता. तो म्हणजे पेव. आजच्या मुलांनी पेव पाहिलेलं नसतं, तेव्हा शिक्षकांनी ते अवश्य समजावून सांगावं. उंच, कोरड्या, पांढऱ्या मातीच्या जागी खोल खड्डा खणायचा, बुडाला आणि कडेला कडबा, भूस लावायचं, ज्वारी ओतायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. त्यात धान्य काही वर्षं टिकायचं. उघडल्यावर मात्र लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेनं माणूस दगावतो. दिवा आत सोडून तो जळतो का, हे पाहून मगच उतरायचं. चांगल्या सालचं धान्य असं वाईट सालासाठी जमिनीत निजवून ठेवलेलं असायचं.

मग १८७६ साली पेवं का पुरली नाहीत? त्याचं उत्तर आभाळात नाही. आधीच्या चाळीस वर्षांत घराचा सगळा हिशेबच बदलून गेला होता. १८३६ साली इंदापूर तालुक्यात नवी रयतवारी जमाबंदी सुरू झाली आणि पुढं ती दख्खनभर पसरली. सारा ठरलेला, आणि तो रोख. पाऊस पडो न पडो, हप्त्याला रुपये हवेत. रुपये हवेत म्हणजे सुगी होताच धान्य विकायला हवं, आणि सुगीत भाव पडलेला असतो. त्यात रेल्वे आली. १८६० साली गाडी सोलापूरला पोचली. रेल्वेनं पुष्कळ भलं केलं, ते मी नाकारत नाही. पण खळ्यावरची ज्वारी मुंबईपर्यंत जाण्याची सोय झाली, तशी ती गावच्या पेवात राहीना.

त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळला, सावकारानंही हात मोकळा सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज तेवढं उरलं. आणि नेमक्या याच वेळी तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याची नवी आकारणी सुरू झाली, ती वाढीव दरानं. सावकार कर्ज देईना, सरकार सूट देईना. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची खतपत्रं काढून जाळली. दंगा पुण्या-नगरच्या गावागावांत पसरला. दंगेखोरांचा डोळा मुख्यतः कागदांवर होता, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

असं घर होतं ते. वरून उभं, आतून पोखरलेलं. त्यावर १८७६ चा पावसाळा आला. सुरुवातीचा पाऊस तुटपुंजा झाला. खरीप थोडंफार हाती लागलं, पण परतीचा पाऊस जवळजवळ आलाच नाही. हस्त कोरडा गेला. रब्बीची पेरणी बऱ्याच भागात झालीच नाही, झाली तिथं उगवलं नाही. आज हवामानशास्त्र सांगतं, की १८७७-७८ साली पॅसिफिक महासागराचं पाणी फार तापलं होतं आणि अशा वर्षी आपला मोसमी पाऊस दुबळा होण्याचा संभव असतो. याला आता ‘एल निनो’ म्हणतात. त्या वेळच्या माणसाला एवढंच दिसत होतं, की ढग येतात आणि जातात.

आता उंबऱ्याच्या आत या. पहिला फटका गोठ्याला. माणसाला धान्य दुरून आणता येतं, गाडीभर कडबा शंभर मैलांवरून आणायला मात्र कुणाला परवडत नाही. म्हणून माणूस उपाशी पडण्याच्या कितीतरी आधी बैल उपाशी पडतो. काहींनी जनावरं सह्याद्रीच्या रानाकडं हाकली. वाटेत किती पडली त्याला गणती नाही, आणि देशावरच्या जनावरांना तिथलं हवापाणीही मानवलं नाही. मागं राहिलेल्यांसाठी छपरांवरचं गवत काढून पुढ्यात टाकलं गेलं. अखेर बैल बाजारात गेले. पण सगळ्यांचेच बैल एकाच वेळी बाजारात! बैलाची किंमत कोसळली आणि ज्वारी महागली. ज्या जोडीत एरवी घराचं वर्षाचं धान्य आलं असतं, ती विकून काही आठवड्यांची बेगमी होईना. हे दुहेरी नुकसान नीट समजून घ्या. दुष्काळात शेतकऱ्याजवळचं जे जे असतं ते स्वस्त होतं, आणि त्याला जे हवं असतं तेवढंच महाग होतं.

दुसरी पाळी दागिन्यांची. आपल्याकडं बँक होती कुठं? बाईच्या अंगावरचं चांदीचं डाग म्हणजेच बँक. चांगल्या सुगीला एखादा वाळा, एखादी गोठजोडी व्हायची, ती हौस म्हणून तशी गरज म्हणूनही. १८७६-७७ च्या त्या हंगामात दख्खनातले हे चांदीचे डाग मोडीत निघून मुंबईच्या टांकसाळीत ढिगांनी येऊ लागले. चरित्रांतून, बखरींतून लढाया सापडतात. मला विचाराल तर टांकसाळीच्या दारातला तो चांदीचा ढीग हेही एक पानिपतच होतं. त्यात लढणाऱ्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

मग तांब्या-पितळेची भांडी, मग बियाणं. बियाणं सर्वांत शेवटी. पोरं रडत असतानाही बी जपून ठेवलेली घरं होती, कारण बी खाल्लं म्हणजे पुढच्या सालाचंही दार लावून घेतलं. शेवटी घराला कडी घालून बाहेर पडायचं. कुणी निजामाच्या मुलखात गेले, कुणी वऱ्हाडात, कुणी मुंबईला. जाताना म्हातारी माणसं बहुधा मागं राहिली.

एक गोष्ट सांगितली तर तुम्हाला नवल वाटेल. धान्य सगळीकडं संपलं होतं असं नाही. ज्या रेल्वेनं पेवं रिकामी केली, तीच रेल्वे आता बाहेरून पोती आणत होती. सोलापूरच्या, पुण्याच्या बाजारात धान्य दिसत होतं. ते विकत घ्यायला घरात पैसा नव्हता. शेत पिकलं नाही म्हणजे शेतमजुराला मजुरी नाही, मजुरी नाही म्हणजे सुताराला, कुंभाराला, कोष्ट्याला गिऱ्हाईक नाही. सोलापूरच्या विणकराचं शेत नव्हतं, पण लुगडं घेणारी शेतकरीण गेली, तसा त्याचा मागही थांबला.

सरकारनं कामं काढली. मुंबई इलाख्याचं धोरण त्यातल्या त्यात बरं होतं. माती वाहून, खडी फोडून माणसाला पोटापुरती मजुरी मिळावी आणि त्यातून काही टिकाऊ काम उभं राहावं, असा विचार होता. दौंड-मनमाड लोहमार्गाचा मातीचा भराव याच हातांनी घातला. १८७८ साली त्यावरून गाडी सुरू झाली. आज त्या गाडीत बसणाऱ्यांनी खिडकीबाहेर एकदा भरावाकडं पाहावं.

पण १८७७ च्या जानेवारीत गोष्ट बिघडली. १ जानेवारीला दिल्लीत व्हाइसरॉय लिटन यांनी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करणारा मोठा दरबार भरवला. त्याच महिन्यात त्यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी मुलखात पाठवलं, खर्चाला आळा घालण्यासाठी. टेंपल यांनी मजुरीचं माप कमी केलं. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा, बाईला त्याहून कमी. एक पौंड म्हणजे आजच्या मापानं साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसानं एवढ्यावर भागवायचं, त्यातच मीठ-मिरची, सरपण आणि हातपाय न चालणारी घरातली माणसं. शिवाय लोकांना गावाजवळच्या लहान कामांवरून उठवून लांबच्या मोठ्या कामांवर पाठवायचं ठरलं. घर सोडून जाण्याइतका जो खरा गरजू असेल तोच येईल, असा हा हिशेब. हिशेब करणारा जेवून उठलेला होता, एवढंच त्याबद्दल म्हणता येईल. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी तेव्हाच बजावलं होतं, की एवढ्या अन्नावर काम करणारा माणूस तग धरणार नाही.

आणि इथं एक अशी घटना घडली, की जी आपल्या शाळेच्या पुस्तकात मोठ्या अक्षरात असायला हवी. उपाशी माणसांनी संप केला. पुणे, सोलापूर भागातल्या कामांवरून हजारो लोक घमेली-कुदळी टाकून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक प्रेमानं ‘सार्वजनिक काका’ म्हणत, आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे सभेचे आधारस्तंभ. सभेनं तालुक्या-तालुक्यांतून माणसं पाठवून खरी हकिगत गोळा केली आणि सरकारला पत्रांमागून पत्रं धाडली. गावोगाव फिरून, लोकांना विचारून, लिहून काढलेली शेतकऱ्याच्या घराची अशी पाहणी त्याआधी आपल्या लोकांनी क्वचितच केली असेल. पुण्याजवळ धनकवडीला महात्मा फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी दुष्काळातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी आश्रम चालवला. सावित्रीबाईही या कामात होत्या.

१८७७ चा पाऊस सुरू झाला आणि मध्येच जुलै-ऑगस्टात पुन्हा दडी मारून बसला. सप्टेंबरात तो आला. आता तुम्ही म्हणाल, सुटलो. इथंच दुष्काळाची दुसरी बाजू सुरू होते. पाऊस आला तो पटकी आणि हिवताप घेऊन. वर्षभर अर्धपोटी राहिलेलं, टाकळा, तांदुळजा, रानातला मिळेल तो पाला खाऊन कसंबसं जगलेलं शरीर तापापुढं टिकलं नाही. अन्न मिळू लागल्यावर माणसं गेली, हे वाचताना फार चटका लागतो. सबंध हिंदुस्थानात या दुष्काळानं पन्नास लाखांवर माणसं नेली, असा अंदाज आहे. एकट्या सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ च्या शिरगणतीत सुमारे ७ लाख १९ हजार होती, ती १८८१ साली सुमारे ५ लाख ८२ हजार भरली. यातले काही परमुलखात गेलेले असतील. पण प्रत्येक पाच माणसांमागं जवळजवळ एक माणूस जागेवर नव्हतं.

आणि शेत? काळ्या रानातला जुना लाकडी नांगर ओढायला तीन-तीन, चार-चार जोड्या लागत. ज्याच्याकडं एक जोडी तो शेजाऱ्यांशी सावड करी. आता आळीतल्या सगळ्या गोठ्यांत मिळून एक नांगर चालावा इतके बैल उरले नाहीत. नांगरट नाही म्हणजे हरळी आणि कुंदा माजले. ही दोन तणं एकदा मुळं धरून बसली, की काढायला बैलांचीच ताकद लागते. बैल नाहीत म्हणून तण, तण म्हणून पीक कमी, पीक कमी म्हणून बैल घेता येत नाही. पाऊस चांगला झाला तरी या फेऱ्यातून घर सुटेना. त्यात १८७८-७९ च्या हंगामात देशावर उंदरांचा सुळसुळाट झाला. नगर, पुणे, सोलापूर भागात उभ्या ज्वारीची कणसं उंदरांनी तोडून बिळात नेली. उंदीर मारणाऱ्याला सरकारनं बक्षिसं लावली. बोला, दुष्काळातला तेरावा महिना याहून वेगळा काय असणार!

या सगळ्याचा सरकारवर परिणाम झालाच. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचं बंड मोडण्यात आलं. दुष्काळी मुलखाची अवस्था पाहूनच ते पेटले होते. रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालच्या दुष्काळ मंडळानं १८८० साली अहवाल दिला आणि त्यावरून १८८३ साली दुष्काळ-संहिता तयार झाली. टंचाई कधी जाहीर करायची, कामं कधी काढायची, सारा कधी तहकूब करायचा, याचे नियम प्रथमच कागदावर आले. पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून शेतकऱ्यांना हेच सांगितलं, की कायद्यानं मिळालेली सूट मागायला भिऊ नका. नियम कागदावर आला म्हणजे निदान बोट ठेवायला जागा मिळते. पाटबंधाऱ्यांचंही काम झालं. खडकवासला १८७९ च्या सुमारास पुरा झाला, नीरा नदीचा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला, माण तालुक्यात म्हसवडचा तलाव झाला. नीरेच्या काठी ऊस आला. कालव्यापासून चार कोस दूर असलेलं रान मात्र हस्ताकडंच पाहत राहिलं.

महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो १८८१ ते १८८३ या काळात, म्हणजे हे सगळं डोळ्यांदेखत घडल्यानंतर. त्यात त्यांनी एक साधी गोष्ट सुचवली आहे. सरकारनं आपल्या रिकाम्या शिपायांकडून डोंगरउतारावर आणि शेतांच्या कडेनं ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचं पाणी माती घेऊन पळणार नाही, रानात मुरेल आणि मग सावकाश ओढ्याला मिळेल. पुढच्या काळात मृदसंधारण, पाणलोट असे मोठमोठे शब्द आले. मुद्दा तोच आहे.

तो मुद्दा सरकारी कामात मोठ्या प्रमाणावर उतरायला १९७२ साल उजाडावं लागलं. आधीची दोन वर्षंही बेताचीच होती, आणि १९७२ चा पाऊस फार कमी झाला. पण या वेळी एक फरक होता. सांगली जिल्ह्यात तासगावला १९६५ साली वि. स. पागे यांच्या कल्पनेतून मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला होता. तो आता कामी आला. १९७३ च्या उन्हाळ्यात कामांवरच्या माणसांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. खडी फुटली, रस्ते झाले, पाझर तलाव झाले, ताली पडल्या. कामावर सुकडी मिळाली, रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळाली. तिची भाकरी कुणाला गोड लागली नाही, पण १८७७ सारखी माणसं रस्त्याच्या कडेला पडली नाहीत. त्यातूनच १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. कामावर निम्म्याच्या आसपास बाया असत, आणि पुष्कळजणींच्या हातात स्वतःच्या नावची मजुरी पहिल्यांदाच पडली.

गोठा मात्र तेव्हाही रिकामा झाला. चाऱ्याचं कोडं जुनंच राहिलं. २०१३ साली आणि त्यानंतरही माण, सांगोल्याकडं जनावरांच्या छावण्या पडल्या आणि घरातलं एक माणूस महिनोन् महिने जनावरांबरोबर छावणीत राहिलं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी न्यावं लागलं. १९७२ नंतर विंधनविहिरी आल्या, विजेचे पंप आले, पण खडकाच्या भेगा होत्या तेवढ्याच आहेत. आज पाचशे फुटांखालून जे उपसतो, ते पाणी कोणत्या पावसाचं, याचा विचार करायला हवा. आपल्या आज्यांनी चांगल्या सालची ज्वारी वाईट सालासाठी पेवात ठेवली होती. पाण्याचं पेव आपण दरसाल तळापर्यंत खरवडतो.

शिक्षकमित्रहो, एक काम तुमच्याकडं सोपवतो. गावात १९७२ पाहिलेली माणसं अजून आहेत, पण दरसाल कमी होत आहेत. मुलांना वही-पेन्सिल देऊन त्यांच्याकडं पाठवा. दुष्काळ कसा होता, एवढंच विचारू नका, त्याला उत्तर ‘लई वाईट’ एवढंच येतं. घरातली पहिली कोणती वस्तू विकली ते विचारा. बैल किती होते आणि किती राहिले, मिलोची भाकरी कशी थापायची, कोणत्या कामावर जात होता आणि ते किती कोस होतं, दुपारी तान्ही पोरं कुठं निजवायची, हे विचारा. मग मुलांना घेऊन गावचा पाझर तलाव पाहायला जा. पुष्कळ गावांत त्याच्या बांधावर माती टाकलेली एखादी आजी अजून सापडेल. ती नेमकी कोणत्या जागेला पाट्या ओतत होती, हे तिला मुलांबरोबर बांधावर नेऊन दाखवायला सांगा.